विश्वजितचा सहावा चेहरा

"एका माणसाला पाच तोंडं म्हणजे रावणाच्या निम्मी झाली की हो," चौगुले म्हणाले. "अजून कशाला पाहिजे?"

"रावणाला दहा होती, म्हणून काय तो शहाणा झाला?" दाणीबाई म्हणाल्या. "मला सहावं हवंय. आणि ते कोरं करकरीत हवंय."

तोंडं विश्वजितची होती आणि ती काढायचं काम माझं होतं, पण मला कुणी विचारत नव्हतं. मी आपला डिंकाच्या बाटलीचं घट्ट बसलेलं बूच काढत होतो.

साल एकोणीसशे शहाण्णव. सांगलीत चौगुल्यांच्या छापखान्यातून 'सांजभेट' नावाचं साप्ताहिक निघायचं. त्यात राशिभविष्य असे, पाककृती असत, चौगुल्यांच्या मेव्हण्याचा अग्रलेख असे, पण लोक ते विकत घेत मधल्या आठ पानांसाठी. तिथं 'केतकी आणि विश्वजित' ही प्रेमाची चित्रकथा चालू होती. ती लिहायच्या दाणीबाई. वय अठ्ठावन्न, निवृत्त मुख्याध्यापिका, टोपणनाव 'राजकिरण'. चित्रं काढायचो मी, शीतल मगदूम. आमच्या जैन समाजात शीतल हे पुरुषाचं नाव असतं, पण हे लांबच्या वाचकांना कोण सांगणार? त्यांच्या लेखी लेखक हा तरणाबांड गडी आणि चित्रकार ही बाई होती. राजकिरणला मुली गुलाबी पाकिटं पाठवत आणि मला पत्रं येत, 'शीतलताई, बाईच्या मनातलं तुम्हाला किती बरोबर कळतं!' ती पत्रं मी घरी नेऊन त्रिशलेला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवत असे. ती पोट धरून हसायची.

आठवड्याला आठ पानं एकट्यानं काढायची म्हणजे तोंडाला फेस यायचा. म्हणून मी एक युक्ती केली होती. चेहरे एकदाच काढायचे, त्यांच्या झेरॉक्स काढायच्या, कात्रीनं कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायच्या, आणि लागेल तसा चेहरा धडावर डिंकानं चिकटवायचा. केतकीचे अकरा चेहरे होते, कारण तिला निरनिराळ्या तऱ्हेनं रडावं लागे. विश्वजितचं पाचांत भागायचं: हसरा, रागीट, प्रेमळ, विचारी आणि दाढी वाढलेला. दाढी वाढलेला म्हणजे दुःखी.

आता अडचण अशी झाली होती की विश्वजित फार वाया गेला होता. मोटारसायकल उडवायचा, बापाच्या जिवावर जगायचा, केतकीला ताटकळत ठेवायचा. वाचक कंटाळले होते. त्याला माणसात आणायला हवं होतं.

"अपघात करा की," चौगुले म्हणाले.

"तो मागच्या दिवाळीत केला. आता केतकीला दिवस जातील. अचानक. कुणी ठरवलेलं नसताना."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर तीन अंकांपूर्वी दोघांचं नोंदणी लग्न उरकून ठेवलंय," दाणीबाई म्हणाल्या. त्या पक्क्या होत्या. वाचकांना धक्के द्यावेत पण बेतानं, असं त्यांचं तत्त्व होतं. "पण चौगुले, मी चौदा वर्षं या कथा लिहितेय. दर खेपेला तेच. पोरगी चक्कर येऊन पडते, डॉक्टर नाडी बघून अभिनंदन करतो, आणि पुढच्या चौकटीत तो उंडगा पोरगा बापाच्या गिरणीत कामाला जातो. मधे काय झालं? शहाणपण काय टपालानं आलं? ते मधलं मला हवंय. एक अख्खं पान, एकच चौकट. ती त्याला सांगते आणि त्याचा चेहरा. शब्द नाही, संवादाचा फुगा नाही."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "शीतल, त्या चेहऱ्यात पोरगा आत गेलेला आणि माणूस बाहेर आलेला दिसला पाहिजे. सोमवारपर्यंत."

त्या एका चेहऱ्यापायी मी माझी बायको घालवायच्या बेतात आलो. पण ते पुढं.

चेहरा काही केल्या सुचेना. डोळे मोठे केले की विश्वजितला भूत दिसल्यासारखं वाटे. हसवला तर लॉटरी लागल्यासारखा दिसे. शेवटी मी चौकशीला लागलो. ज्याला त्याला विचारायचं, बायकोनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुमचं तोंड कसं झालं होतं?

बाइंडिंगचे रसूलभाई म्हणाले, "तोंडाचं काय ध्यानात नाही. पण मी बोललो ते ध्यानात आहे. ती म्हणाली दिवस गेलेत, आणि मी म्हणालो, कुणाला? अठ्ठावीस वर्षं झाली, अजून ऐकून घेतोय."

आमच्या घरमालकीणबाई म्हणाल्या, "आमचे हे पेपर वाचत होते. बरं म्हणाले आणि पान उलटलं."

चौगुल्यांना विचारलं तर ते लाजले. चौगुले लाजल्यावर कसे दिसतात हे मी काढू शकलो असतो, पण ते विश्वजितला शोभलं नसतं.

शनिवारी संध्याकाळी मी घरी आलो तो हात हलवत. आमच्यात सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं, त्यामुळे जेवून उठलो तरी खोलीत चांगला उजेड होता. त्रिशला स्वयंपाकघरात भांडी आवरत होती. ती मिरजेला लॅबचा दोन वर्षांचा कोर्स करत होती, रक्त-लघवी तपासायचा. दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालं होतं. लग्नाला चौदा महिने झाले होते आणि तिची परीक्षा होऊन नोकरी लागेपर्यंत पाळण्याचं नाव काढायचं नाही, असं आमचं अगदी गळ्याची आण घेऊन ठरलं होतं. आण तिनं मला घ्यायला लावली होती.

कपाटाच्या आरशात माझंच उतरलेलं तोंड दिसलं आणि मला कल्पना सुचली.

"त्रिशला, एक काम कर की. तू आतून ये आणि मला सांग."

"काय सांगू?"

"दिवस गेलेत म्हणून."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"असं का म्हणालात?"

"विश्वजितसाठी गं! मी इथं आरशापुढं बसतो, पाठ तुझ्याकडं. तू मागून येऊन सांगायचंस. ऐकल्या ऐकल्या माझं तोंड कसं होतं ते मी टिपतो. माझ्यासारखा नमुना फुकट असताना गावभर कशाला हिंडतोय मी?"

ती बराच वेळ आली नाही. मी स्टूल ओढलं, मांडीवर फळी घेतली, पेन्सिलीला टोक केलं. मग आरशात ती दिसली. पंच्याला हात पुसत येऊन ती माझ्या खांद्याशी उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "मला दिवस गेलेत."

मला एकदम हसूच फुटलं. "थांब, थांब. मलाच हसू आलं. पुन्हा."

"मला दिवस गेलेत."

या वेळी भुवया बऱ्या उचलल्या गेल्या. मी भराभरा पेन्सिल चालवली. "अजून एकदा. जरा वेगळं काहीतरी घाल."

"दीड महिना झालाय."

"वा! हे बरं घातलंस. दाणीबाईंना सांगतो. हं, पुढं."

"तपासून घेतलंय. दोनदा."

"ते नको. डॉक्टर पुढच्या पानावर आहे."

"बाळंतपण एप्रिलात येतंय," ती म्हणाली. "आणि परीक्षाही एप्रिलातच आहे."

"केतकीला कसली गं परीक्षा? बागायतदाराची एकुलती एक लेक ती. पुन्हा."

"मला भीती वाटतीय."

"आवाज झकास लागला! तसाच ठेव. फक्त एकदा, शेवटचं."

"सांगितलं की आता," ती म्हणाली आणि आत गेली.

सात खेपा, सात कागद. मी भलताच खुशीत होतो. रात्री तिला म्हणालोही, की तू नाटकात असायला हवी होतीस. ती म्हणाली, मला झोप आलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जयसिंगपूरला माहेरी निघाली. मधेच कसं काय, असं मी विचारलं, तर म्हणाली, आईची आठवण आली. कधी येणार विचारलं, तर म्हणाली, बघते. पुस्तकांची पिशवी बरोबर घेतली होती, तिच्यात वह्याही सगळ्या होत्या. शहाण्या माणसाला तेवढ्यावरून कळलं असतं. मला वाटलं, बरं झालं, घर मोकळं मिळालं, चित्र निवांत होईल. दिवसभर बसून मी त्या सात चेहऱ्यांमधून एक झकास चेहरा बनवला. एकाच्या भुवया, एकाची जिवणी, एकाचे डोळे.

सोमवारी दाणीबाईंनी तो हातभर लांब धरून पाहिला.

"हा नट आहे," त्या म्हणाल्या. "आणि सुमार नट. कच्ची चित्रं आण बघू."

मी सातही कागद त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी ते पत्ते मांडावेत तसे टेबलावर ओळीनं लावले, चष्मा पुसला आणि वाकून पाहायला लागल्या. माझ्या चेहऱ्यांकडे त्या बघतच नव्हत्या.

"ही मागे कोण?"

"बायको. आरशात दिसत होती म्हणून आपली सवयीनं काढली. हात मोकळा राहत नाही. काल गेली ती माहेरी, जयसिंगपूरला."

"ती काय करत होती?"

"तेच सांगत होती. खोटं खोटं."

"सात वेळा?"

"हो."

दाणीबाईंनी पहिल्या कागदावर बोट ठेवलं. "इथे ती तुझ्या खांद्याशी आहे. तुझ्या तोंडाकडे बघतेय, अगदी आशेनं. इथे एक पाऊल मागे. इथे अजून मागे." बोट सरकत सरकत शेवटच्या कागदावर गेलं. "आणि इथे ती पार उंबऱ्याशी आहे. नखाएवढी. हे मापात काढलंयस की उगीच?"

"मापात," मी म्हणालो. मापात मी कधी चुकत नसे. तेवढा एकच गुण माझ्यात होता.

"अरे, नाटक करणारी माणसं दर खेपेला जास्त रंगात येतात. मी तीस वर्षं स्नेहसंमेलनं बसवलीत. ही दर खेपेला विझत गेलीय." त्यांनी चष्मा काढला. "शीतल, ही बाई खरं सांगत होती."

मी हसायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दीड महिना. दोनदा तपासलंय. एप्रिल. मला भीती वाटतीय. एकेक वाक्य चपराकीसारखं येऊन लागलं. भीती वाटते म्हणणाऱ्या बायकोला मी आवाज झकास लागला म्हणून शाबासकी दिली होती! मला माझी इतकी लाज वाटली की टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

माझं तोंड तेव्हा कसं झालं होतं, देव जाणे. आठवडाभर ज्या बाईनं एका चेहऱ्यासाठी माझ्या मागं लकडा लावला होता, ती त्या घटकेला खिडकीतून बाहेर बघत होती.

"दीडची गाडी असेल जयसिंगपूरला," खिडकीकडेच बघत त्या म्हणाल्या. "चौगुल्यांना मी बघते."

जयसिंगपुरात सासूबाई पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. "या, या. एक दिवस करमलं नाही वाटतं?" म्हणून हसल्या. म्हणजे त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्रिशला मागच्या पडवीत प्रॅक्टिकलची वही घेऊन रक्तातल्या पेशींची चित्रं काढत बसली होती. तांबड्या पेन्सिलीनं, एकाखाली एक, नेटकी.

"आलात?" ती मान वर न करता म्हणाली. "झालं का चित्र?"

"नाही."

"मग? आठव्यांदा सांगायला पाहिजे?"

"त्रिशला, मला कळलं."

"कुणी सांगितलं?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण आधीच डोक्यावर ओझं काय कमी होतं? "दाणीबाईंनी," मी म्हणालो. "मी काढलेल्या चित्रांत तू होतीस. त्यावरून त्यांनी ओळखलं."

"म्हणजे काढलं तुम्ही आणि दिसलं त्यांना."

"हो."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. "कॉलेजात मी माझ्या हातानं तपासलं. एकदा बघितलं, विश्वास बसेना, मग दुसऱ्यांदा. चार दिवस शब्द जुळवत होते, तुम्हाला सांगू कसं. आण मीच घ्यायला लावलेली ना! आणि तुम्ही आपणहून म्हणालात, ये आणि सांग. मला वाटलं, देवच पावला. सगळं बळ गोळा करून सांगितलं, आणि तुम्ही फिदीफिदी हसलात."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"आता तुम्हाला काय वाटतंय ते सांगा," ती म्हणाली. "खरं खरं. तोंडं करून दाखवू नका."

"भीती वाटतीय," मी म्हणालो. "आणि एसटीत बसल्यापासून खुळ्यासारखं हसूही येतंय. दोन्ही एकदमच. कंडक्टरनं दोनदा विचारलं, पाव्हणं, बरं नाही का म्हणून."

ती हसली नाही, पण वही मिटली.

"तुला काय पाहिजे, त्रिशला?"

तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. चौदा महिन्यांत हा प्रश्न मी तिला साडीचं दुकान सोडून कुठं विचारला नव्हता.

"मला परीक्षा द्यायचीय," ती म्हणाली. "बाळही पाहिजे. बोलावलं नव्हतं, पण आता आलंय तर त्याला माघारी जा कसं म्हणू? पण परीक्षा द्यायचीच. पुढच्या वर्षी, मग त्याच्या पुढच्या वर्षी, असलं काही मला ऐकायचं नाही. तसं म्हणून घरी बसलेल्या माझ्या दोन मावशा आहेत. आणि हे आईला मी सांगणार नाही. मी सांगितलं की ती आनंदानं रडेल आणि माझी पुस्तकं माळ्यावर टाकेल. सात वेळा मी सांगून झालंय. आता तुम्ही सांगा."

"मी? आईंना?"

"मग काय दाणीबाई येणारेत?"

पडवीतून सोप्यात यायला दहा पावलंही पडत नाहीत. तेवढ्यात मी मनाशी सगळं बसवून घेतलं. आधी गोड बातमी, मग परीक्षेचं, मग बाळाला कोण सांभाळणार त्याचं. मी सासूबाईंपुढं उभा राहिलो. त्रिशला मागं दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मी घसा खाकरला. कानात मात्र शनिवारपासून एकच वाक्य वाजत होतं, आणि ऐन वेळी जिभेवर तेच आलं.

"आई," मी म्हणालो, "मला दिवस गेलेत."

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मागं त्रिशलेनं तोंडाला पदर लावला होता, पण हसू काही आवरेना, आणि हसता हसता ती रडायला लागली. मग सासूबाईंच्या ध्यानात आलं. त्या शेंगांचं सूप लवंडून उठल्या, लेकीला पोटाशी धरलं, देवापुढं साखर ठेवली, आणि डोळे पुसता पुसता जे म्हणतील असं त्रिशला म्हणाली होती तेच म्हणाल्या.

"आता ते मिरजेला जाणंयेणं बंद बरं का. एसटीचे धक्के नकोत. आणि एप्रिलात कसली परीक्षा घेऊन बसलीस?"

"परीक्षा देणार ती," मी म्हणालो. माझा आवाज जरा चढलाच असावा. "बाळाला मी बघेन."

"तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. "तान्ह्या पोराला? पुरुषमाणसाचं काम आहे का ते, जावईबापू?"

"आई," त्रिशला डोळे पुसत म्हणाली, "दिवस त्यांना गेलेत ना? मग तेच बघतील की."

सासूबाई खाली बसून सांडलेल्या शेंगा सुपात भरायला लागल्या. मीही भरायला लागलो.

विश्वजितचं म्हणाल, तर अंक छापायची वेळ टळत चालली होती, म्हणून चौगुल्यांनीच डब्यातला 'विचारी' काढून पानभर मोठा केला आणि छापला. पुढच्या चौकटीत तो बापाच्या गिरणीत कामाला गेला. वाचकांना ते फार आवडलं. शीतलताईंना त्या आठवड्यात चाळीसेक पत्रं आली. त्रिशलेनं ती वाचली आणि म्हणाली, याला एक चौकट लागली, तुम्हाला किती लागतील? मला आठ महिने लागले. लंगोट बांधायला मी रसूलभाईंकडून शिकलो. पाच नातवंडांचे आजोबा होते ते, त्यांचा हात बसलेला. एसटीचे धक्के नकोत म्हणून चौगुल्यांची जुनी स्कूटर मागून घेतली आणि त्रिशलेला मिरजेला पोचवू लागलो, बैलगाडीच्या वेगानं. दोनदा माझ्याशी भांडून तीच उतरली आणि एसटीनं गेली.

पोरगी दोन आठवडे आधीच आली, चार एप्रिलला. परीक्षा एकवीसपासून होती. पाच पेपर, रोज तीन तास. मी कॉलेजच्या आवारात बदामाच्या झाडाखाली सतरंजी टाकून बसायचो. मांडीवर पोरगी, शेजारी बाटली, पंचा आणि कोरड्या लंगोटांची चळत. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबायच्या, टोपडं नीट करून जायच्या, असं नाही, तसं धरा म्हणायच्या, आणि हिची आई कुठं आहे, हे सगळ्या विचारायच्या.

चौथ्या पेपरला ऊन फार तापलं होतं. पोरगी जी रडायला लागली ती थांबेचना. बाटली घेईना, खांद्यावर राहीना. मी गाणं म्हटलं, झाडाभोवती फेऱ्या घातल्या, हाताचा पाळणा केला. माझा सदरा घामानं आणि दुधानं भिजून गेला होता आणि मलाही रडू फुटायच्या बेतात होतं. शेवटी वर्गाच्या दाराशी बसलेला शिपाई उठून आला.

"आईला बोलवू का हो बाहेर? दोन मिनिटं सोडतील तिला."

मी घड्याळाकडे बघितलं.

"नको," मी म्हणालो. "अजून पाऊण तास आहे."